लॉनची कड दोन हात आत घेतली

मंडळी, आज जे केलं ते सांगूनच टाकते.

मी शिरूर कासारची. बारा वर्षं ऊसतोडीत कोयता चालवला, आता एका दूध संस्थेच्या ऑफिसात माळीकाम करते. आज पहिल्यांदा लॉनची कड कापायचं करंटवरचं मशीन हातात आलं.

मॅनेजर साहेब म्हणाले, "उद्या मीटिंग हाय. कडा फोटोत उठून दिसल्या पाहिजेत."

इथलं बोअर आटलंय. टँकरचं पाणी लॉनला, आणि फाटकाजवळ मी लावलेली कडुलिंबाची रोपं वाळून चाललीत. तिथंच दूध घालायला आलेले लोक उन्हात रांग लावतात.

मी दोरी बांधली ती जुन्या कडेवर न्हाई, चारी बाजूंनी दोन हात आत. मशीन सरसर चाललं. बाहेरची हिरवी पट्टी खुरप्यानं उचलून टाकली.

दुपारी साहेब आले. "लॉन बारकं कावून झालं?"

"दुष्काळ हाय, साहेब. वाचलेलं पाणी कडुलिंबाला घालते. कडा सरळ हाईत का तेवढं बघा."

साहेबांनी चारी बाजूंनी नजर फिरवली. कडा सरळच होत्या.

पाऊस न्हाई आला तर पुढच्या महिन्यात कड अजून दोन हात आत येणार.

तुमच्या ऑफिसापुढचं लॉन केवढं हाय?