काळी पिशवी

मरोळच्या आमच्या गल्लीत औषधाचं दुकान म्हणजे चावडीच. नवरा काउंटरवर असला की पलीकडच्या फुटपाथवरच्या माणसाला इथूनच हाक मारतो, "काय, जुलाब थांबले का?" तोही तिथूनच ओरडतो, "थांबले! आता पोट साफ व्हायचं काहीतरी द्या!" सगळी गल्ली हसते. कोणाची शुगर वाढली, कोणाचं बीपी उतरेना, हे आमच्या पायरीवर सगळ्यांना पाठ. नवरा याला आपुलकी म्हणतो. दुकान त्याच्या वडिलांचं, पण फार्मासिस्ट मी. भिंतीवरच्या फ्रेममध्ये माझं प्रमाणपत्र आहे.

काही वस्तूंपुरती मात्र ही आपुलकी अचानक घसा बसल्यासारखी गप्प होते. पॅड, निरोध, पाळीच्या किंवा दिवस राहू नयेत म्हणून घ्यायच्या गोळ्या. त्या आधी वर्तमानपत्रात गुंडाळायच्या आणि मग काळ्या पिशवीत घालायच्या. सासऱ्यांनी घातलेला शिरस्ता. नवऱ्याचे हात ते आपोआप करतात. क्रोसिन हातात, खोकल्याचं औषध पांढऱ्या पिशवीत, आणि 'ते' काळ्या पिशवीत.

एका दुपारी नवरा वर जेवायला गेला होता. समोरच्या बिल्डिंगमधली एक मुलगी आली. लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होती. तिची आई आणि मी एकाच बचत गटात. मुलीने आधी घशाच्या गोळ्या मागितल्या. मग बाम. मग केसांचे रबर. नको असलेल्या वस्तू अशा एकामागून एक घेणारी गिऱ्हाइकं मला कळतात. खरी वस्तू शेवटी येते. मी दुकानातल्या बाकीच्या दोन गिऱ्हाइकांना पटापट वाटेला लावलं आणि तिला म्हटलं, "हं, आता बोल."

"काकी, ती... नंतर घ्यायची गोळी असते ना."

"असते. वय किती?"

"एकवीस."

हे विचारावं लागतं. अठराच्या आतली असती तर कायदा वेगळा आहे, मी तिला एकटीला गोळी देऊन सोडलं नसतं. दुसरा प्रश्नही विचारावाच लागतो. "कोणी जबरदस्ती केली का?"

"नाही, नाही काकी. कंडोम फाटला. काल रात्री."

"मग वेळेत आलीस. ही जितकी लवकर घेशील तितकी बरी. इथेच घे, पाणी देते. दोन-तीन तासांत उलटी झाली तर परत ये. पाळी थोडी मागेपुढे होईल, घाबरू नकोस. आठवडाभर लांबली तर टेस्ट कर. पोटात फार दुखलं तर सरळ डॉक्टर. आणि ही रोजची गोळी नाही, कळलं? रोजच्यासाठी दुसरे उपाय आहेत, त्याचं बोलायचं असेल तर निवांत ये."

तिने सगळं ऐकलं आणि मग खरं विचारायचं ते विचारलं. "आईला सांगणार नाही ना? बाबांना कळलं तर कॉलेज बंद. ताईचं तेच केलं त्यांनी."

"तुझी आई माझं गिऱ्हाईक आहे. तूपण आहेस. एकीचं दुसरीला सांगत नाही."

मी आत पाण्याची बाटली आणायला वळले. तेवढ्यात नवरा जिना उतरून आला. मी काउंटरवर काढून ठेवलेली गोळीची डबी दिसली आणि त्याचे हात कामाला लागले. वर्तमानपत्र, काळी पिशवी, गाठ. मी बाहेर आले तर पोरगी पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होती. बहुतेक माझ्या नवऱ्यापुढे थांबायला लाजली. समोर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत तिची आई दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती.

संध्याकाळी तिची आई दुकानात आली. दुकान रिकामं होईपर्यंत थांबली. ती मालवणकडची, मी साताऱ्याची. रागावली की ती शुद्ध मालवणीत शिरते.

"माझ्या चेडवान तुझ्याकडसून काय नेल्यान?"

"तिला विचार."

"इचारलंय. पोटदुखीची गोळी म्हणता. पोटदुखीची गोळी काळ्या पिशवीत कधीपासून देऊक लागलास गो? आणि पॅड म्हणशीत तर घरात भरलेले आसत, काल मीच हाडलंय."

तिचं म्हणणं बिनतोड होतं. लपवण्यासाठी केलेली पिशवीच गॅलरीतून चुगली करत होती.

"कोणी काय नेलं ते मी सांगत नाही."

"मी आवस तिची!"

"माहीत आहे. तरी नाही."

"म्हणजे काय तरी आसा."

"काही असलं तरी हेच सांगते, काही नसलं तरी हेच. उद्या तुझा नवरा आला आणि तू काय नेतेस म्हणून विचारलं, तरी हेच."

तिने काउंटरवर दोन्ही हात टेकले. आवाज उतरला. "इतक्याच सांग गो. ती बरी आसा मा?"

इथे मला जड गेलं, कारण उत्तर 'हो' होतं आणि आई म्हणून ते ऐकायचा तिला हक्क आहे असं वाटत होतं. पण आज 'हो' म्हटलं तर उद्या ज्या मुलीबद्दल 'हो' म्हणता येणार नाही, तिच्या वेळी माझं चूप बसणंच उत्तर होईल. मी म्हटलं, "घरी जा. तिच्या शेजारी बस. ओरडू नकोस. सांगावंसं वाटलं तर ती सांगेल."

"तू घाटावरची, दगडच! परत तुझ्या दुकानात पाय ठेवलंय तर बघ."

आणि खरंच ठेवला नाही. मेट्रो स्टेशनजवळच्या दुकानातून औषधं न्यायला लागली, तीही आमच्या समोरून, पिशवी हलवत.

नवरा त्या दिवशी जेवतानाही धुसफुसत होता. "पॅड नेले म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"घरात पॅड आहेत हे तिला माहीत होतं. खोटं बोललं की ते लक्षात ठेवावं लागतं. 'सांगत नाही' लक्षात ठेवावं लागत नाही."

दुसऱ्या दिवशी मी काळ्या पिशव्यांचा गठ्ठा काढून टाकला आणि तपकिरी कागदी पाकिटं मागवली. एकच माप, एकच रंग. पॅड असोत, क्रोसिन असो, बाळाचं ग्राइप वॉटर असो, सगळं त्यात. तोंड दुमडून स्टेपलर. रस्त्यापलीकडे ओरडून चौकशा करणं बंद. नवरा म्हणाला, "दुकान आहे की बँक?" मी म्हटलं, "बँकेपेक्षा घट्ट." एका आजोबांनी इसबगोलचं पाकीट हातात उलटंपालटं करून विचारलं, "हे असं काय चोरीच्या मालासारखं?" त्यांना म्हटलं, "आजोबा, तुमचं पोट ही तुमची खाजगी बाब आहे." ते बराच वेळ हसले. पण गॅलऱ्यांतून बघणाऱ्यांचं मनोरंजन बंद झालं, आणि नंतर नंतर नवऱ्याचे हातही तपकिरी पाकिटाकडेच जायला लागले.

मुलगी तीनेक आठवड्यांनी सकाळी दुकानासमोरून गेली. पाठीवर कॉलेजची सॅक होती. तिने मान हलवली, मी हलवली. तिच्या आईला संशय होता, पुरावा नव्हता, आणि नुसता संशय आपल्या नवऱ्याच्या कानावर घालण्याइतकी ती वेडी नव्हती. सॅक रोज जात राहिली, परीक्षा होईपर्यंत.

आज ती मुलगी दुसऱ्या शहरात एका लॅबमध्ये नोकरी करते. हे लिहिण्याआधी मी तिला फोन करून विचारलं. म्हणाली, "लिहा काकी, नाव नको. आईला मीच सांगितलंय, पहिला पगार झाल्यावर."

"काय म्हणाली?"

"दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, त्या दगडीणीकडे एकदा जाऊन येते."

आली. घशाच्या गोळ्या घेतल्या. मग बाम. मग एक कंगवा. मी बाकीच्या गिऱ्हाइकांना पटापट वाटेला लावलं.

"हं, बोल."

तिने वाकून हळू आवाजात सांगितलं. तिला काय हवं होतं ते इथे लिहिणार नाही. दिलं, कसं घ्यायचं ते समजावलं, पाकिटाचं तोंड दुमडून स्टेपलर मारला. ती पायरी उतरत होती तेवढ्यात बचत गटातली दुसरी एक बाई वर येत होती. तिने आल्याआल्या विचारलंच, "काय गं, काय नेलंस?"

"औषध."

"कसलं?"

"दुकानातला गो," ती म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली.