मी गृहभेटीला गेलेच नव्हते

मैत्रिणींनो, आज फार थकून लिहून राहिले. अंगणवाडीत काम करणाऱ्या बायांना लगेच कळेल.

आमची मदतनीस गंगाबाई रोज उशिरा येते, खिचडी वेळेवर होत नाही, अशी तक्रार काल मी सुपरवायझर मॅडमकडे फोनवर केली. रागात चार शब्द जास्तच बोलले.

आज अंगणवाडीत येताना गोरेगावात माझीच प्रवासी जीप सीटं भरायला अर्धा तास थांबली. उशिरा पोहोचले, तर मॅडम माझ्या खुर्चीवर बसलेल्या!

तेवढ्यात खिचडी ढवळता ढवळता गंगाबाई आतून ओरडली, "ताई, शोभाच्या लेकराचं वजन बराबर भरलं का? मी मॅडमला सांगितलं, तुमी गृहभेटीला गेल्या म्हनून."

"भरलं," मी म्हणाले. मॅडमनी रजिस्टरवर सही केली आणि गेल्या.

मग गंगाबाई हळूच म्हणाली, "मॅडमनी तुमची तक्रार सांगितली. मी म्हनलं, व्हय, होतो उशीर. सासू जाग्यावर पडून हाय, तिचं सारं करून येते."

मला हे माहीतच नव्हतं. कधी विचारलंच नाही.

"मग मला काहून वाचवलं?"

"जीप काय तुमच्या हातात हाय व्हय?"

तेव्हापासून फोन हातात घेऊन बसले आहे. तक्रार मागं घ्यायची आहे. पण मॅडम विचारतील, एका दिवसात असं काय झालं? खरं सांगावं, तर गंगाबाईच खोटी पडते.

तुम्ही काय सांगितलं असतं?