कर्ण विसरलेला काटकोन

त्या सुताराला गल्लीत सगळे काटकोन म्हणत, कारण सरळ वागण्यापलीकडे त्याला काही येतच नव्हतं. त्याचा भागीदार गोलोबा. पोट गोल, बोलणंही गोल गोल. शाळेच्या बाकावर जमलेली ही जोडी तीस वर्षं एकाच दुकानात रंधा मारत होती. "आपली मैत्री म्हणजे वर्तुळ," गोलोबा गिऱ्हाइकांना सांगायचा, "सुरुवात आठवत नाही, शेवट सापडत नाही." लोक हसत. काटकोनाचा मात्र हल्ली त्या वर्तुळात जीव गुदमरायचा.

एका शाळेने त्याला सुतारकाम शिकवायला बोलावलं होतं. होकार आज पाचच्या आत द्यायचा होता. आठ दिवस पत्र खिशात होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. तीस वर्षांच्या भागीदाराला 'चाललो' म्हणायचं तरी कसं?

त्याच तंद्रीत घोटाळा झाला. मागच्या खोलीत कपाट आडवं ठेवून जोडलं होतं. खोलीच्या रुंदीचं, छताहून जेमतेम चार बोटं कमी. दारं अजून बसवायची होती. उभं करायला दोघांनी जोर लावला आणि वरची कड छतात घट्ट रुतली. काटकोनाने उंची मोजली होती, कपाटाचा तिरका कर्ण मोजायला तो विसरला होता. खोलीचं दार कपाटापलीकडे, हे दोघे अलीकडे. ढकललं, ओढलं, हाका मारून घसा बसला. कपाट तसूभर हलेना.

"बघ, त्रिकोण झाला," गोलोबा म्हणाला. "जमीन, भिंत, कपाट. आणि आत आपण दोन शून्यं."

काटकोनाला हसू आलं नाही. साडेचार वाजले होते. हात सारखा खिशाकडे जात होता.

गोलोबाने ते पाहिलं. करवत उचलली आणि महिनाभर खपून केलेल्या कपाटाच्या पाठीत घातली. दोन फळ्या निघाल्या.

"जा. शाळेचं ऑफिस बंद होईल."

"तुला कसं कळलं?"

"आठ दिवस छाती धरून फिरतोयस. मला वाटलं, हृदयाचं काही आहे. शर्ट खुंटीला होता तेव्हा खिसा बघितला."

"आणि तू?"

"मी मावतो का यातून, गाढवा? माझ्यापुरतं भोक पडेपर्यंत पाच वाजून जातील. मी कापतो सावकाश. तू निघ."

काटकोन अंग चोरून पलीकडे निघाला. गल्लीच्या टोकापर्यंत त्याचा कान मागेच होता. करवतीचा आवाज काही आला नाही.