गुळगुळीत झाकण

टेबलावर ते घड्याळ नव्यासारखं चमकताना दिसलं आणि माझं डोकंच फिरलं.

नंदाखालला चर्चच्या हॉलमध्ये जुन्या वस्तूंचा लिलाव होता. मी तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतो आणि संग्राहकांसाठी जुनी घड्याळं अशाच ठिकाणी शोधतो. हे चावीचं घड्याळ आठवड्यापूर्वीच हेरून ठेवलं होतं. फिलोमिनाआजींनी लिलावाला दिलेलं. त्यांचा नवरा बोटीवर होता. त्याचं आणि बोटीचं नाव मागच्या झाकणावर कोरलेलं. मुलं परदेशात, त्यांना ते नको. आजींची एकच अट: नाव जपणाऱ्याच्या हाती जाऊ दे. मी शब्द दिला होता, बोली लावून मीच घेतो.

आता तबकडी पांढरीफेक. याला आम्ही रीडायल म्हणतो, जुना रंग काढून नवा मारायचा. मूळ तबकडी पिवळी पडलेली चालते. हे असलं रंगकाम जाणकार हातात धरत नाही. मी घड्याळ उलटं केलं. झाकण गुळगुळीत. बफिंगच्या मशीनवर धातूच घासला जातो, गेलेलं नाव परत येत नाही.

लिलाव सांभाळणारा सिल्व्हेस्टर चाळिशीचा, जबाबदार माणूस. त्याला मी सगळ्यांसमोर झापलं. अक्कल गहाण टाकली होतीस का, हे करायला सांगितलं कुणी?

तो गोंधळला. "काका, तुम्हीच बोललात ना, साफ करून ठेव म्हणून? मागे ओरखडे होते, तेपण काढून घेतले."

बोललो होतो. फडक्याने पुसून ठेव, एवढंच मला म्हणायचं होतं. ओरखडे म्हणे!

तेवढ्यात आजी आल्या. मोतीबिंदूमुळे त्यांना फारसं दिसत नाही. घड्याळ घेऊन त्यांनी मागे अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"हे आमचं नाय. आमचं कुठे हाय?"

मी म्हटलं, आजी, हेच ते. नाव पुसलं गेलं, चूक माझी. त्यांनी ऐकून घेतलं आणि घड्याळ टेबलावर ठेवलं.

"मग आता कोनालाबी द्या."

कोणत्या तोंडाने बोली लावणार? मी बोली लावलीच नाही. चमक बघून विरारच्या एका फ्लॅटवाल्याने ते खुशीत घेतलं. माझा राग अजून गेलेला नाही, निम्मा सिल्व्हेस्टरवर, निम्मा स्वतःवर. धडा एवढाच, की जुन्या घड्याळाचं काय करायचं ते सांगू नये, काय करायचं नाही ते सांगावं.