म्हातारा न झालेला देव

नाताळच्या आठवड्यात चर्चचे पाळकसाहेब अंथरुणाला खिळलेल्या माझ्या बाबांना प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस द्यायला आले. "देव देहधारी झाला, केवढं हे रहस्य!" ते म्हणाले आणि तेवढ्यात बाबांची चादर ओली झाली. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. माझं डोकंच फिरलं.

"तेहतिसाव्या वर्षी गेला तुमचा देव," मी म्हणाले. "म्हातारपण कुठे भोगलं त्यानं? देहाचं त्याला काय ठाऊक?"

बाबा शरमेनं मान वळवून पुटपुटले, "बाळ होता ना गं तो. मरीयेनंही दुपटी बदललीच असतील."

देव रडला असेल, भुकेला असेल, हे ऐकून होते. तो ओला झाला असेल, असं कधी मनात आलं नव्हतं. माझा राग तसाच राहिला. बाबांना कुशीवर वळवताना हात मात्र हलके झाले.