चौतीस मिलीमीटरचा माणूस

इनासमास्तरांना राग आला की ते आधी चष्मा काढून शर्टाच्या खिशात ठेवत. गाळ्यातले आम्ही सगळे मग हातातलं कटर खाली ठेवून गप उभे राहायचो, कारण पुढे काय होणार ते ठरलेलं असायचं. चार दिवस खपून चिकटवलेला जिना ते अंगठ्यानं दाबून मोडायचे आणि म्हणायचे, "आता नीट कर." नकाशात अठरा पायऱ्या असतील आणि आपण सतरा कापल्या असतील, तर ते त्या माणसाला चष्म्याशिवायही दिसायचं. मला त्यांचा असा संताप यायचा की घरी जाऊन मी भांडी आपटायचे. पण अठरा पायऱ्या कापायला मी त्याच संतापात शिकले, हे कबूल करायला हवं.

नव्वदच्या दशकात नालासोपारा-विरारकडे जिकडेतिकडे इमारती उठत होत्या आणि प्रत्येक बिल्डरला बुकिंग ऑफिसात काचेखाली ठेवायला इमारतीचं मॉडेल लागायचं. ती मॉडेलं आम्ही सातिवलीच्या एका गाळ्यात बनवायचो. काळ्या पॉलिश पेपरचे रस्ते, हिरव्या रंगात बुडवलेल्या भुशाची हिरवळ, वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची झाडं. मी आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स करून तिथे गेले, तर मास्तरांनी सर्टिफिकेटकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "उंची किती तुझी?" म्हणाले. मी म्हटलं, पाच फूट एक इंच. "म्हणजे एकतीस मिलीमीटर. आणि साधारन माणूस चौतीस. एवढं लक्षात ठेव, बाकीचं शिकवतो." आमचं माप पन्नासाला एक असायचं, म्हणजे पन्नास फुटांची भिंत मॉडेलमध्ये एक फुटाची. मास्तर आल्यागेल्या प्रत्येकाला मनातल्या मनात पन्नासानं भागायचे.

माझ्या वडिलांना हे काम म्हणजे निव्वळ पोरखेळ वाटायचा. बँकेच्या परीक्षांचे फॉर्म आणून ते माझ्या उशाशी ठेवत. त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. आचोळ्यातलं आमचं घर त्यांनी असंच एक मॉडेल बघून घेतलं होतं. त्यात कारंजं होतं, कारंज्याभोवती बाकं होती. प्रत्यक्षात रोज टँकरमागे हंडा घेऊन धावणं नशिबी आलं. "तुमच्यासारख्यांनीच बनवलं होतं ते," बाबा म्हणायचे, "रंगीत भुसा लावून आमच्या तोंडाला पानं पुसली." मी चिडून म्हणायचे, आमचे मास्तर तसले नाहीत. आणि ते नव्हतेच.

मास्तर मूळचे जवळच्याच गास गावचे, वाडीत वाढलेले. हात वळला तो चर्चमधला नाताळचा गोठा करता करता. त्या गोठ्यावरूनही ते फादरांशी भांडले होते. कोणीतरी मुंबईहून मातीचे मोठे उंट आणून दिले, फादरांनी ते कौतुकानं गोठ्यात मांडले. मास्तरांनी चष्मा खिशात घातला आणि भर चर्चमध्ये विचारलं, "फादर, हा उंट त्या दारातून आत आला कसा?" फादर म्हणाले, श्रद्धेला माप नसतं. "श्रद्धेला नसंल, दाराला असतं," असं म्हणून मास्तरांनी उंट उचलून बाहेर ठेवले. त्या वर्षी गोठा बघायला आलेल्या पोरांना आधी दारात उंटच भेटले.

कुठलंही मॉडेल हाती घेण्याआधी ते स्वतः जमिनीवर जाऊन यायचे. नकाशावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. एकदा नकाशात बाग दाखवली होती, तिथे जाऊन बघतात तर बावखल, म्हणजे आमच्याकडे शेतात गोड्या पाण्याची डबकी असतात ना, तसलं चांगलं मोठं बावखल. मास्तरांनी मॉडेलमध्ये निळी काच बसवून ते केलं. बिल्डर म्हणाला, हे मी बुजवणार आहे. मास्तर म्हणाले, "बुजवा तेव्हा फोन करा, मी येऊन काच काढतो. पन पावसात पानी कुठं जानार, ते गिऱ्हाइकाला आत्ताच कळू द्या." त्या बिल्डरनं पुन्हा आमच्याकडे काम दिलं नाही. असे बिल्डर वाढत गेले आणि गाळ्यातली माणसं कमी होत गेली. मला मास्तरांचा राग यायचा तो याचाही. आम्ही काय हवा खाऊन जगायचं होतं?

मग एक शेठ आले. गासच्या अलीकडे, शेतं संपतात तिथे त्यांच्या चार मजली इमारती होणार होत्या. वरचा मजला उचलला की आतला फ्लॅट पलंग-कपाटासकट दिसेल, असं मॉडेल त्यांना हवं होतं. शेठ फार गोड बोलायचे. "भिंती अगदी मोजून करा, मास्तर, माझी ना नाही. फक्त पलंग-कपाट जरा बारकं ठेवा आणि माणसं पंचवीस मिलीमीटरची. खोली ऐसपैस दिसली पाहिजे." या धंद्यातली ही जुनी लबाडी आहे. भिंत खरी असते, त्यामुळे कोर्टातही कोणी काही म्हणू शकत नाही, आणि माणसाचं माप कोणी लिहून घेत नाही. मास्तरांचा चष्मा खिशात गेला. "खोली मोठी दिसायला पाहिजे तर मोठी बांधा. उद्या बाप्या त्या पलंगावर झोपनार, त्याचे पाय काय भिंतीतून बाहेर काढू?" शेठ म्हणाले, सगळे असंच करतात. "मग सगळ्यांकडून करून घ्या," मास्तर म्हणाले आणि पाठ फिरवून कामाला लागले.

दोन दिवसांनी शेजारच्या काकूंकडे माझ्यासाठी शेठचा फोन आला. तुम्हीच करा म्हणाले, मॉडेलवर पितळी पट्टी लावून तुमचं नाव घालू. आता माझं कपाळ. मी चोवीस वर्षांची होते, आणि त्याच आठवड्यात मास्तरांनी माझा जिना तिसऱ्यांदा मोडला होता. त्यांचा सूड घ्यायचा म्हणून मी हो म्हटलं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. मला ती पट्टी हवी होती. बाबांनी ती वाचावी आणि ते बँकेचे फॉर्म एकदाचे रद्दीत जावेत, एवढंच मला हवं होतं. गाळ्यावर आजारी असल्याचं कळवलं आणि महिनाभर घरी बसून मॉडेल केलं. जिन्याच्या पायऱ्या नेमक्या होत्या. माणसं पंचवीस मिलीमीटरची होती.

बुकिंगच्या पहिल्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. पट्टीवरचं नाव त्यांनी दोनदा वाचलं. मग काचेवर वाकून आतली बेडरूम बघत बसले आणि आईला म्हणाले, "बघ, पलंगाभोवती फिरायला केवढी जागा आहे. आपण इथेच घेऊ. हे पोरीनं केलंय, यात फसवाफसवी नाही." मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी आईच्या पदराची घडी नीट करत उभी राहिले.

इतक्यात मास्तर आले. जमीन त्यांच्या गावाला लागून, ते बघायला येणारच होते. घोसाळ्याची झाडं बघूनच त्यांनी हात ओळखला असणार. काच सरकवली, खिशातली स्टीलची पट्टी काढली आणि पलंगाशेजारी उभ्या माणसाला लावली. "पंचवीस," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "हा माणूस चार फुटांचा आहे. पलंग पोराचा आहे. पैसे देन्याआधी टेप घेऊन या." बाबा पुढे झाले. "अहो, हे माझ्या मुलीनं केलंय." मास्तर म्हणाले, "मग तिलाच विचारा की."

बाबांनी मला विचारलं, "बाळा, माप बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे, बाबा," मी म्हटलं.

मग माझ्या वडिलांनी, ज्यांनी जन्मात कोणावर आवाज चढवला नव्हता, मास्तरांचा दंड धरला. "वयाचा मान ठेवतोय, नाहीतर दोन लगावल्या असत्या. पोरीचं नाव झालेलं बघवत नाही तुम्हाला," असं म्हणत त्यांना दारापर्यंत ढकलत नेलं आणि पायरीखाली उतरवलं. मास्तरांनी जाताना माझ्याकडे पाहिलं. चष्मा डोळ्यांवरच होता. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

दोन वर्षांनी ताबा मिळाला. आईच्या लग्नातलं कपाट बेडरूममध्ये गेलं नाही, ते गॅलरीत ठेवलं आणि त्यावर पावसाचं पाणी येतं म्हणून बाबांनी प्लॅस्टिक बांधलं. पलंग बसला, पण दार अर्धंच उघडायचं, अंग चोरून आत जावं लागायचं. बाबा म्हणाले, "बिल्डरनं भिंती आत घेतल्या. चोर लेकाचे." भिंती तसूभरही हलल्या नव्हत्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते अभिमानानं सांगायचे, या इमारतीचं मॉडेल आमच्या मुलीनं केलंय, आणि शेजारी माझ्याकडे बघायचे.

मी शेवटी एका रविवारी गासला गेले. मास्तर ओसरीवर बसून गोठ्यासाठी मेंढरं तासत होते. मी सगळं भडाभडा सांगितलं आणि ओरडा खायची वाट बघत उभी राहिले. त्यांनी एवढंच विचारलं, "बापाला सांगितलंस?" मी म्हटलं, नाही. "मग माझ्याकडं काय काम तुझं?" ते परत मेंढराकडे वळले. त्यांच्या बायकोनं चहा आणला, तो मी उभ्यानंच प्यायले आणि निघाले. तीच आमची शेवटची भेट.

आता माझा स्वतःचा गाळा आहे. माझी माणसं चौतीस मिलीमीटरचीच असतात, त्यापायी तीन बिल्डर गेले, आणि जिना चुकला की मीही तो अंगठ्यानं मोडते. याबद्दल कोणी कौतुक केलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. ज्याच्या जिवावर हे कौतुक, त्याला भर ऑफिसात खोटं पाडून मी पितळेची पट्टी मिळवली होती.

गासच्या त्या रविवारनंतर बाबांना सांगायला मला आणखी दोन वर्षं लागली. एका सकाळी ते कपाटावरचं फाटलेलं प्लॅस्टिक बदलत होते, तेव्हा सांगून टाकलं. माप खोटं होतं, मला माहीत होतं, मास्तर खरं बोलत होते. बाबांनी हातातली सुतळी कपाटावर ठेवली. मला वाटलं, आता घराबद्दल बोलतील, पैशाबद्दल बोलतील. ते म्हणाले, "मी त्या माणसाचा दंड धरला गं." मग आत जाऊन शर्ट बदलून आले आणि पायात चप्पल सरकवत म्हणाले, "चल, गासला जाऊ. मला त्यांची माफी मागायचीय."

मास्तरांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. तेही बाबांना मलाच सांगावं लागलं.