रिकाम्या खोक्यांची पार्टी

मला मजा करता येत नाही, पण मजेचं वेळापत्रक फार सुंदर करता येतं. बावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवतेय आणि सुट्टी लागण्याच्या दिवशीची वर्गातली पार्टी ही माझी खासियत, असं मीच सगळीकडे सांगत फिरते. खर्च जवळजवळ नाहीच. जुन्या वर्तमानपत्रांच्या टोप्या, पाठकोऱ्या कागदांच्या पताका आणि फळ्यावर रंगीत खडूंनी काढलेला केक, जो मुलं डस्टरने 'खातात'. शिवाय दारावर तक्ता: '१०.४० ते १०.५० मनमोकळं हसणे.' यंदाचा तक्ता वाचून नवऱ्याने विचारलं, "शिंक आली तर कुठल्या रकान्यात द्यायची?" मी त्याच्याकडे साफ दुर्लक्ष केलं आणि गुपचूप 'इतर' असा एक रकाना वाढवला.

यंदा मात्र माझा जीव एका मुलीत अडकला होता. शेवटच्या बाकावरची, दोन वेण्यांची, विचारलं तेवढंच बोलणारी. हाच वर्ग गेल्या वर्षीही माझ्याकडे होता. तेव्हा मी प्रत्येकाला घरून थोडा खाऊ आणायला सांगितला, आणि ही पार्टीला आलीच नाही. का, ते सुट्टी संपल्यावर शाळेच्या मावशींनी सांगितलं. तिची आई घरी कपडे शिवते. त्या आठवड्यात हातात काम नव्हतं आणि रिकाम्या हाताने यायला पोरगी काही केल्या तयार होईना. यंदा ती आलीच पाहिजे, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

मग मी डोकं चालवलं. माझं डोकं चालू लागलं की घरचे लांब सरकतात, पण शाळेत तशी सोय नाही. खाऊ नको, भेटवस्तू नकोत, प्रत्येकाने फक्त एक रिकामा खोका आणायचा. पुढून-मागून कापून, एकमेकांना चिकटवून वर्गभर आगगाडी करायची. "रिकामा खोका कुणाच्या घरात नसतो?" असं मी मोठ्या बाईंना छाती फुगवून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. त्यांच्याही घरात असणार.

आणि ती आली! बुटांचा एक खोका छातीशी धरून, सगळ्यांच्या आधी. मला तिथेच नाचावंसं वाटलं, पण नाच सव्वाअकराला होता.

इतरांचे खोके मुलांनी भराभरा कापले. तिचा मात्र मी स्वतः घेतला, मान म्हणून. आगगाडीचं इंजिन तिच्याच खोक्याचं करायचं होतं. दोन्ही बाजू कचाकचा कापल्या आणि वर पाहिलं, तर ती माझ्याकडे नव्हे, कात्रीकडे बघत होती.

"काय गं, नाही आवडलं इंजिन?"

"आवडलं. पण खोका घरी परत न्यायचाय."

"अगं, रिकामाच आहे ना तो?"

"आईने रिकामा करून दिलाय. तिचे दोरे, बटणं, सुया असतात त्यात. आता सगळं ताटात काढून ठेवलंय." मग माझी समजूत घालावी तशी म्हणाली, "आमच्याकडे रिकामं काही नसतंच, बाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बावीस वर्षांच्या अनुभवाने मी चिकटपट्टी ओढली. ती खोक्याला सोडून माझ्या बोटांना, मग बांगड्यांना, शेवटी पदराला चिकटली. दुसरा खोका द्यावा, तर एकही धड उरला नव्हता. मुलीच्या डोळ्यांत पाणी येईल म्हणून मी धास्तावले, आणि पाणी आलं ते माझ्याच.

"मला जाड सुई मिळेल का?" तिने विचारलं.

मावशींनी पोती शिवायचं दाभण आणि सुतळी आणून दिली. "बाई, तुम्ही नुसतं धरा," ती म्हणाली. मी धरलं. तिने पुठ्ठ्याला आधी भोकं पाडली, मग टाके असे घातले की खोका पहिल्यापेक्षा मजबूत झाला. एकेक करत सगळा वर्ग भोवती गोळा झाला. "मला शिकव," "आधी मला!" चिकटवायच्या आगगाडीचे डबे शिवून जोडायचे, असं परस्पर ठरलंसुद्धा. तिच्या हुकमाशिवाय दाभणाला कुणी हात लावत नव्हतं. मी लावला, अंगठ्यात टोचून घेतलं आणि "आई गं!" म्हणून ओरडले. वर्ग पोट धरधरून हसला. ते हसणं ठरल्या वेळेपेक्षा तासभर उशिराने झालं. तक्त्यातलं बाकी काहीच झालं नाही.

शाळा सुटल्यावर शिवलेला खोका काखेत धरून ती दारात रेंगाळली.

"बाई, गेल्या वर्षी पण एवढीच मजा आली होती?"

गेल्या वर्षीच्या अहवालात मी माझ्या वळणदार अक्षरात 'सर्व मुलांनी आनंद लुटला' असं लिहिलं होतं. मला माझीच लाज वाटली.

"नाही गं," मी म्हटलं. "गेल्या वर्षी काही खरं नव्हतं."

तिचा चेहरा एकदम खुलला.

"मग मी आले नाही ते बरंच झालं," ती म्हणाली, आणि उड्या मारत घरी गेली.